दारूचा गुत्ता ते मोटारसायकलवरचं पोतं

मराठवाड्यात काम घेणाऱ्या ठेकेदाराला आजही गुत्तेदार म्हणतात आणि दारूच्या अड्ड्याला गुत्ता. दोन्ही शब्द मक्त्याच्या, म्हणजे ठरलेली रक्कम भरून हक्क घेण्याच्या पद्धतीतले. निजामाच्या आबकारीत, म्हणजे दारूवरच्या करव्यवस्थेत, मोहाची दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क असाच मक्त्याने जाई. सरकारला महसूल हवा होता, बंदी नव्हे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये इथे लागू झाला. कालचा कर आज गुन्हा झाला. पुढे धोरण सैलावलं, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची सीएल-३ (किरकोळ विक्रीच्या परवान्याची) दुकानं आली. विनापरवाना विकणारा मात्र गुन्हेगारच राहिला.

हातभट्टी लपवणं अवघड. काळा गूळ आणि नवसागर २०० लिटरच्या बॅरलमध्ये काही दिवस आंबतो. थंडीत जास्त वेळ लागतो. मग सरपण, पाणी, धूर आणि वास, चारही गोष्टी चुगली करतात. धाडीत रसायन, म्हणजे हे आंबलेलं मिश्रण, जागेवर ओततात, बॅरल फोडतात. शिवाय १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या नावातच 'हातभट्टीवाले' आहेत. त्यात वर्षभर आत राहावं लागू शकतं.

म्हणून छोटा विक्रेता सीलबंद देशीकडे वळतो. वास नाही, भट्टी नाही. पण हिशेब नाजूक. १८० मिलीच्या ४८ बाटल्यांचा बॉक्स, खरेदी ८० रुपयांना एक आणि वर १० रुपये सुटतात असं धरा: बॉक्समागे ४८० रुपये. एक बॉक्स जप्त झाला की ३,८४० रुपये गेले, म्हणजे आठ बॉक्सची कमाई. म्हणून हाताशी दहा-बारा बाटल्या, बाकी कडब्याच्या गंजीत.

गुन्हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ (ई) खाली. नमुना, लाखेचं सील, पंचांच्या सह्या, मग प्रयोगशाळा. सीलचा उल्लेख राहिला किंवा पंच फिरला की खटला ढासळतो. तरी तारखा आणि वकिलाची फी विक्रेत्याला भोवतेच, आणि ती फिटते पुन्हा बाटल्या विकूनच.

परवान्याचं दुकान हललं की हाच धंदा फुगतो. महामार्गापासून ५०० मीटर (२०,००० किंवा त्याहून कमी वस्तीत २२० मीटर) हा सर्वोच्च न्यायालयाचा नियम एप्रिल २०१७ पासून आला, तेव्हा रस्त्यालगतची दुकानं बंद पडली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, तरी तेच. माल मग शेजारच्या गावातून मोटारसायकलवर, पोत्यात येतो. वाहतुकीचा खर्च बाटलीवर चढतो आणि नाकाबंदीत पहिला हात त्या पोत्यालाच लागतो.