इंजिन तेवढंच, ताकद जवळजवळ तिप्पट

व्हेक्टर डब्ल्यू ८ ही गाडी जेरी वीगर्ट यांच्या कंपनीनं कॅलिफोर्नियात १९८९ ते १९९३ या काळात बनवली. ग्राहकांच्या हाती पडल्या त्या जेमतेम १७. एसएससी टुआटारा तिच्यानंतर तीसेक वर्षांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलँडमध्ये तयार झाली, आणि तीही १०० पेक्षा जास्त बनवायची नाही असं कंपनीनं जाहीर केलं. दोन्हींत चालकाच्या पाठीमागे व्ही-८ इंजिन (इंग्रजी V च्या आकारात मांडलेले आठ सिलिंडर), दोन्हींना दोन-दोन टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे. व्हेक्टरचं इंजिन सहा लिटरचं, टुआटाराचं ५.९. पण पहिलं ६२५ हॉर्सपॉवर देतं आणि दुसरं १७५०. मग ही जास्तीची ताकद आली कुठून?

इंजिन मिनिटाला किती हवा ओढतं आणि त्या हवेत किती इंधन जाळतं, यावर सगळं ठरतं. व्हेक्टरचा जोर मिनिटाला ५७०० फेऱ्यांना शिगेला पोचतो. टुआटारा ८८०० पर्यंत फिरते. इथे खरी करामत क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीतून चाकांना फिरवणाऱ्या दांड्याची आहे. नेहमीच्या अमेरिकन व्ही-८ मध्ये क्रँकच्या पिना (पिस्टनचे दांडे जिथे जोडतात त्या) ९० अंशांच्या अंतरानं बसवतात, म्हणून तोल राखायला जड वजनं लावावी लागतात. टुआटारात त्या १८० अंशांवर, एकाच पातळीत आहेत. वजनं हलकी झाली की इंजिन झटकन चढतं. त्या बदल्यात थरथर वाढते.

दुसरा वाटा इंधनाचा. १७५० हा आकडा ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावरचा आहे; पेट्रोलवर तीच गाडी १३५० देते. इथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता शोषतं, आत जाणारी हवा गार होते आणि नॉकिंग (इंधनाचा अवेळी होणारा भडका) टळतं. त्यामुळे टर्बोनं हवा आणखी दाबून भरता येते.

तरीही मला जास्त कौतुक व्हेक्टरच्या सांगाड्याचं वाटतं. अ‍ॅल्युमिनियमचे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोकळ पत्रे, विमानासारखे रिव्हेट मारून आणि इपॉक्सीनं चिकटवून जोडलेले. वर कार्बन फायबर आणि केव्हलारची बॉडी. त्या काळात हे धाडसच होतं. गिअरबॉक्स मात्र तीनच गिअरचा ऑटोमॅटिक, १९६६ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबिल टोरोनॅडोच्या घराण्यातला. टोरोनॅडोची पुढची चाकं फिरवणारी ही जोडणी व्हेक्टरमध्ये मागच्या चाकांच्या कामी लावली.

ताकद २.८ पट झाली म्हणून वेग २.८ पट होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि तो रेटायला लागणारी ताकद घनानं. गाडीचा आकार तोच ठेवला, तर २.८ पट ताकदीतून कमाल वेग फार तर ४१ टक्क्यांनी वाढेल. म्हणूनच टुआटाराचा ड्रॅग गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडवते ते सांगणारा आकडा) ०.२७९ इतका खाली आणण्यासाठी एवढा खटाटोप केला गेला.

ऑक्टोबर २०२० मध्ये नेवाडातल्या रस्त्यावर टुआटारानं ताशी ५०० किलोमीटर ओलांडल्याचा दावा झाला होता. चाहत्यांनी चित्रफितीतल्या खुणांमधलं अंतर आणि लागलेला वेळ पडताळला, हिशेब जुळेना. पुढे कंपनीनंही तो वेग गाठला नव्हता हे मान्य केलं. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात, जिथे पूर्वी स्पेस शटल उतरायचं त्या धावपट्टीवर, पुन्हा मोजणी झाली. वाऱ्याचा आणि उताराचा फायदा निघून जावा म्हणून गाडी दोन्ही दिशांनी पळवली: एकीकडे ताशी ४५०, दुसरीकडे ४६०, सरासरी ४५५ किलोमीटर.