जड गोळी वर का लागते?

रिव्हॉल्वर तेच, हात तोच, नेमही तोच. बदलला तो फक्त काडतुसांचा डबा. जुन्या डब्यातल्या पाच गोळ्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध लागल्या होत्या. नव्या डब्यातल्या पाचही दोन बोटं खाली लागल्या, आणि त्याही एकमेकींना चिकटून. डब्यावरचे आकडे वाचले की कोडं आणखी वाढतं, कारण नवी गोळी हलकी आहे आणि तिचा वेगही जास्त आहे. वेगानं जाणारी गोळी लवकर पोहोचते, म्हणजे वाटेत कमी पडते. मग ती वर लागायला हवी होती. उलट का झालं?

सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर भागात परवान्याची हत्यारं बाळगणारी घरं आहेत. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होतात, मग परत येतात. ‘बापू, गोयी वर काबर लागनी?’ असं तिथे कुणी विचारलं तर ‘हात हलला असेल’ हे उत्तर ठरलेलं. कधीकधी ते बरोबरही असतं. धक्क्याच्या धास्तीनं माणूस चाप ओढतानाच मनगट आवळतो आणि गोळी भलतीकडे जाते. पण हात हलल्यानं भोकं पसरतात. पाचही भोकं दाटीवाटीनं एकत्र राहून अख्खा घोळकाच वर किंवा खाली सरकला असेल, तर हाताला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे कारण काडतुसात शोधावं लागतं.

आधी गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मिटवून टाकू. पॉइंट ३८ रिव्हॉल्वरची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची असते. ती सेकंदाला २३० मीटरच्या आसपास वेगानं निघते असं धरू. २५ मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण नववा भाग लागतो आणि तेवढ्यात ती जवळपास ६ सेंटिमीटर पडते. त्याच रिव्हॉल्वरमध्ये ११० ग्रेनची, म्हणजे ७.१ ग्रॅमची हलकी गोळी ३०० मीटर वेगानं सोडली तर ती साडेतीन सेंटिमीटरच पडते. म्हणजे नुसत्या पडण्याचाच प्रश्न असता तर हलकी गोळी अडीच सेंटिमीटर वर दिसली असती. कागदावर ती खाली दिसते. अर्थात जड गोळीला कुणीतरी आधीच वर उचललेलं असतं, आणि तेही नळीतून बाहेर पडण्यापूर्वी.

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेच्या धड्यात बंदूक आणि गोळीचं उदाहरण असतं. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. दोघांची वस्तुमानं आणि गोळीचा वेग दिलेला असतो, बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढायचा असतो. गणित सुटतं, गुण मिळतात. पण त्या गणितामुळे एक गैरसमज मनात घर करून राहतो, की गोळी आधी निघून जाते आणि धक्का नंतर बसतो. प्रत्यक्षात गोळी जागची हलली त्याच क्षणी पिस्तूलही मागे सरकायला लागतं. गोळी नळीत असते तो काळ एक मिलिसेकंदापेक्षाही कमी. आपल्या हाताला काही जाणवून प्रतिक्रिया द्यायला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. म्हणून धक्का ‘नंतर’ बसल्यासारखा वाटतो, इतकंच.

आता नळी कुठे असते ते पाहा. ती मुठीच्या वर असते. धक्का येतो नळीच्या रेषेत, आणि पिस्तुलाचा तोल सांभाळणारा बिंदू व पकड दोन्ही त्या रेषेच्या खाली. वरच्या बाजूला मागे ढकललेली वस्तू सरळ मागे जात नाही, ती वळते. पिस्तुलाचं तोंड वर उचललं जातं आणि गोळी अजून आतच असते. बाहेर पडताना ती त्या उचललेल्या दिशेनं जाते.

किती उचललं जातं, हे कशावर ठरतं? माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. पिस्तूल मोकळं लटकतंय असं समजा. गोळीचं वस्तुमान गुणिले तिनं नळीत कापलेलं अंतर, हे पिस्तुलाचं वस्तुमान गुणिले ते मागे सरकलेलं अंतर याच्याबरोबर येतं. १ किलोच्या रिव्हॉल्वरमधून १० ग्रॅमची गोळी १० सेंटिमीटर नळी पार करते तेव्हा रिव्हॉल्वर १ मिलिमीटर मागे गेलेलं असतं. गोळी ७ ग्रॅमची असेल तर ०.७ मिलिमीटर. या हिशेबात वेग कुठेच येत नाही! जास्त वेगाची गोळी जोरात ढकलते खरी, पण लवकर निघूनही जाते, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना खाऊन टाकतात. वळण्याचंही तसंच. उरतं ते वजन. दारूच्या वायूचा त्यात थोडा वाटा असतो, हाताच्या पकडीचाही असतो, पण जड गोळी वर आणि हलकी खाली हा क्रम मुख्यतः वजनानंच ठरतो.

मोजमापं ढोबळ धरून हिशेब केला तर अशा रिव्हॉल्वरचं तोंड गोळी निघण्यापूर्वी अंशाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उचललं जातं. डोळ्याला हे दिसणं शक्यच नाही. २५ मीटरवर मात्र त्याचे १४-१५ सेंटिमीटर होतात. हलक्या गोळीच्या वेळी हे उचलणं जवळपास तीस टक्क्यांनी कमी, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटरचा घाटा. कमी पडल्यामुळे मिळालेले अडीच सेंटिमीटर त्यातून वजा केले तरी ती खालीच राहते.

याचा पुरावा हत्यारावरच असतो. सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करा आणि रिव्हॉल्वर टेबलावर आडवं ठेवून बाजूनं बघा. पुढची साइट, म्हणजे नेम धरायचं टोक, मागच्या खाचेपेक्षा नळीपासून चांगलीच उंच असते. मागची खाच आणि पुढचं टोक एका रेषेत आणलं की नळी त्या रेषेच्या किंचित खाली रोखलेली असते. बनवणाऱ्यानं उसळी आधीच धरून ठेवली आहे, तीही एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी. पॉइंट ३८ च्या न हलणाऱ्या साइट सहसा १५८ ग्रेनला जुळवलेल्या असतात. दोन साइटमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असेल तर पुढची साइट १ मिलिमीटरनं कमी-जास्त झाली की २५ मीटरवर जवळपास १७ सेंटिमीटरचा फरक पडतो. न हलणाऱ्या साइटला कानस लावण्याआधी माणसानं काडतूस बदलून बघावं ते म्हणूनच.

ऑटोमॅटिक पिस्तुलात हा खेळ पुष्कळ सौम्य होतो. इशापूरच्या कारखान्यातलं ९ मिलिमीटर पिस्तूल घ्या किंवा ग्लॉक घ्या. त्यांत नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मिळून मागे सरकतात. गोळी निघून जाईपर्यंत स्लाइड दोन-तीन मिलिमीटरच सरकलेली असते आणि मुठीपर्यंत स्प्रिंगचा थोडासा जोरच पोहोचतो. खरा दणका स्लाइड शेवटी आपटते तेव्हा बसतो, पण तोवर गोळी गेलेली असते. त्यामुळे ११५ ग्रेन आणि १४७ ग्रेनच्या गोळ्यांतला फरक रिव्हॉल्वरइतका ठसठशीत दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक शंका हमखास निघते, ती उन्हाची. धुळ्याला जानेवारीत स्वेटर सुटत नाही आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेली दारू जास्त दाब देते आणि गोळीचा वेग वाढतो, हे खरं आहे. पण ३५० मीटर वेगाची गोळी ३६० मीटरनं गेली तरी २५ मीटरवर तिच्या पडण्यात दीड मिलिमीटरचाही फरक पडत नाही. लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यानं उन्हाची काळजी करावी. पिस्तूलवाल्याला घामानं निसटणारी मूठ जास्त त्रास देते. काडतुसं मात्र बंद गाडीत तापत ठेवू नयेत, कारण उष्णतेनं दारू लवकर खराब होते.

भुसावळजवळ वरणगावला १९६० च्या दशकापासून लहान हत्यारांची काडतुसं बनतात. २०२१ पासून हा आयुध कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतुसाची कारखान्यातली चाचणी साधारणतः पक्क्या बसवलेल्या नळीतून होते. वेग किती, दाब किती, गोळ्या किती जवळजवळ लागतात, हे त्यातून चोख कळतं. पण तुमच्या हातातल्या रिव्हॉल्वरमधून ती गोळी कुठे लागेल, ते कळत नाही. जखडलेली नळी उसळतच नाही, आणि सगळी गोम तर उसळीतच आहे. शिकंज्यात धरून साइट जुळवलेलं पिस्तूल हातात घेतल्यावर दुसरीकडे मारतं ते याचमुळे. नवं काडतूस तपासायचं तर नेहमीच्या पकडीनं, अधिकृत रेंजवर, एकाच बिंदूवर नेम धरून निदान पाच गोळ्या झाडाव्यात आणि त्या पाचांचा मध्य पाहावा. एका भोकावरून काहीच ठरत नाही. मागची साइट फिरवता येत असेल तर घोळका जिकडे न्यायचा तिकडे ती सरकवायची. पुढची साइट हलवायची झाली तर नेमकं उलट.

जिल्ह्याच्या ठिकाणी नेमबाजी शिकणारी मुलं मात्र बहुधा एअर पिस्तूल हातात घेतात, आणि तिथे हा नियम उलटा चालतो. साडेचार मिलिमीटरचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा आणि पिस्तूल किलोभराचं, म्हणजे दोन हजाराला एक असं प्रमाण. उसळी जवळपास नसतेच. ०.४५ ग्रॅमच्या छर्ऱ्याऐवजी ०.५३ ग्रॅमचा भरला तर तितक्याच हवेच्या जोरावर तो हळू निघतो आणि १० मीटरवर तीन-चार मिलिमीटर खाली लागतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पावणेसहा. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात, तेव्हा एवढ्या फरकानं पदक हुकू शकतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुकानात नेहमीचा डबा मिळाला नाही, तर दुसरा घेऊन पहिली काही मिनिटं साइट जुळवण्यातच घालवावी.