व्याख्यान-श्रुतलेखन

इंग्रजी ऐकून समजण्याचा सराव म्हणून विद्यापीठातल्या व्याख्यानाचा छोटा तुकडा रोज ऐकायचा, तो शब्दन् शब्द लिहून काढायचा आणि मूळ संहितेशी, म्हणजे त्या व्याख्यानाच्या छापील मजकुराशी, ताडून पाहायचा, अशी ही पद्धत. इंग्रजी माध्यमातून उच्च शिक्षण घ्यायचे आहे पण मातृभाषा इंग्रजी नाही, असे विद्यार्थी ती प्रामुख्याने वापरतात. शाळेतल्या श्रुतलेखनात शिक्षक सावकाश, तोडून तोडून सांगतात आणि शुद्धलेखन तपासतात. इथे बोलणाऱ्या प्राध्यापकाला आपले बोलणे कोणी उतरवून घेत आहे याची कल्पनाही नसते; तो आपल्या ओघात पुढे जात असतो. म्हणून इथे सापडणारी चूक बहुतेक वेळा कानाची असते. स्पेलिंग चुकले तर ते वेगळ्या खात्यात टाकायचे.

हा फरक जुन्या गोष्टीतून चांगला कळतो. 1857 साली फॉन्तेनब्लोच्या राजवाड्यात लेखक प्रोस्पेर मेरिमे याने दरबारी मंडळींना मुद्दाम अवघड श्रुतलेखन घातले आणि त्यात खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या 75 चुका निघाल्या, असे सांगतात. सम्राटाला फ्रेंच ऐकू येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही! त्या चुका लेखननियमांच्या होत्या. परकी भाषा शिकणाऱ्याचे नेमके उलटे असते: लिहिता येणारे शब्दच त्याला ऐकू येत नाहीत.

भाषाचाचणीच्या अभ्यासकांत श्रुतलेखनाची किंमत बराच काळ वादाची होती. रॉबर्ट लाडो याने 1961 मध्ये त्यावर सरळ आक्षेप घेतला. शब्द सांगणाराच पुरवतो, त्यांचा क्रमही तोच ठरवतो. मग परीक्षा कशाची होते, असा त्याचा प्रश्न. 1970 च्या दशकात जॉन ऑलरने उत्तर दिले की शब्द आणि क्रम ऐकणाऱ्याच्या हाती आयते पडत नाहीत. त्याच्या कानावर येतो तो आवाजाचा सलग पट्टा, आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधत त्या पट्ट्यातून शब्द त्यालाच कापून काढावे लागतात. भाषाक्षमता एकच अखंड असते हा ऑलरचा पुढचा दावा टिकला नाही, त्याने तो स्वतः मागे घेतला. पण श्रुतलेखनाबद्दलचे त्याचे म्हणणे पटण्यासारखे आहे. 2009 साली सुरू झालेल्या पीटीई अकॅडेमिक या इंग्रजी-क्षमतेच्या परीक्षेत तर एकदाच ऐकवलेले वाक्य जसेच्या तसे लिहायचा स्वतंत्र प्रश्न असतो आणि प्रत्येक बरोबर शब्दाला गुण मिळतो. टोफेल आणि आयईएलटीएस या तशाच परीक्षांत असे थेट श्रुतलेखन रूढ नाही. मात्र आयईएलटीएसच्या श्रवणपरीक्षेचा चौथा भाग शैक्षणिक विषयावरचे एकाच व्यक्तीचे भाषण असतो, ते एकदाच ऐकवतात आणि उत्तरात स्पेलिंग चुकले तर गुण जातो.

माहीत असलेला शब्द ऐकू का येत नाही, हा या पद्धतीचा गाभ्याचा प्रश्न आहे. छापील ओळीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. शिवाय इंग्रजीत सगळ्या अक्षरांना सारखे वजन मिळत नाही. आघात पडतो ती अक्षरे ठसठशीत येतात आणि बाकीची त्यांच्या मधल्या फटींत चेपून बसवली जातात. भाषेच्या मानसशास्त्राची अभ्यासक ॲन कटलर आणि तिचे सहकारी यांनी 1980 च्या दशकात दाखवले की बोलण्यातल्या आशयवाचक शब्दांपैकी (नामे, क्रियापदे, विशेषणे असे अर्थ वाहणारे शब्द) सुमारे 90 टक्के शब्द ठसठशीत अक्षराने सुरू होतात. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस नकळत याच खुणेवर शब्दांच्या हद्दी आखत जातो. जिच्यात प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो अशा भाषेतून आलेल्याला ती खूण शिकावी लागते. त्यातून इंग्रजी पुस्तकातूनच शिकलेल्या माणसाच्या मनात शब्दाचे चित्र छापील असते. 'कम्फर्टेबल' ची वाट पाहणाऱ्या कानापुढून 'कम्फ्टबल' निघून जातो आणि पत्ता लागत नाही.

एक वाक्य जवळून पाहू. भूगर्भशास्त्राच्या व्याख्यानात प्राध्यापक म्हणतात असे समजा: 'द ग्लेशियर्स दॅट हॅड वन्स कव्हर्ड द व्हॅली मस्ट हॅव लेफ्ट दीज रॉक्स बिहाइंड.' एकेकाळी दरी व्यापून असलेल्या हिमनद्यांनी हे खडक मागे सोडले असले पाहिजेत, एवढाच अर्थ. शिकणाऱ्याच्या वहीत उतरते: 'द ग्लेशियर्स दॅट वन्स कव्हर द व्हॅली मस्ट लेफ्ट दिस रॉक बिहाइंड.' यात न येणारा शब्द एकही नाही. 'हॅड' घाईत नुसता 'अड्' होऊन 'दॅट' ला चिकटला. 'कव्हर्ड' चा शेवटचा 'ड' पुढच्या 'द' मध्ये विरघळला. 'मस्ट हॅव' चे 'मस्टव' झाले आणि शेपटी कानाआड गेली. 'दीज' आणि 'दिस' यांच्यात स्वराची लांबी आणि शेवटच्या व्यंजनाचा घोष (गळ्यातला कंप) एवढाच फरक, तोही निसटला. मग 'रॉक्स' चे अनेकवचनही गेले.

गंमत म्हणजे एवढे सांडूनही अर्थ बहुतेक लागतो. या वाक्यावर पर्यायी प्रश्न विचारला असता तर विद्यार्थ्याने बरोबर उत्तर देऊन पूर्ण गुण मिळवले असते आणि आपल्याला सगळे ऐकू आले असे समजून तो पुढे गेला असता. श्रुतलेखनाची खरी कमाई इथे आहे: आकलनाचे प्रश्न जे झाकतात ते वही उघडे पाडते. आणि सगळ्याच गळती निरुपद्रवी नसतात. होकारार्थी 'कॅन' बोलण्यात 'कन' इतका बारीक होतो. नकारार्थी 'कान्ट' किंवा 'कॅन्ट' चा स्वर पूर्ण येतो पण शेवटचा 'ट' अनेकदा गिळला जातो. जो 'ट' च्या शोधात असतो तो फसतो, आणि सिद्धान्त काय सांगू शकतो व काय सांगू शकत नाही यांची अदलाबदल होते. वरच्या चुकीत आणखी एक धडा आहे. 'मस्ट लेफ्ट' अशी रचना इंग्रजीत होतच नाही. व्याकरण जागे असते तर मध्ये काहीतरी सांडले आहे एवढे तरी न ऐकताच कळले असते.

रोजच्या बैठकीसाठी एक ते दोन मिनिटांचा तुकडा पुरतो. व्याख्यानाचा वेग मिनिटाला 140 शब्दांच्या आसपास धरला तर दोन मिनिटांत 280 शब्द होतात. हाताने लिहिण्याचा वेग त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून ध्वनिमुद्रण थांबवत थांबवत लिहावे लागते आणि सुरुवातीला एवढ्याशा तुकड्याला तास सहज लागतो. आधी पेन खाली ठेवून तुकडा एकदा सलग ऐकतात, म्हणजे विषय कळतो. मग अर्थाचा एक घास संपेल तिथे थांबवायचे. दर दोन शब्दांनी थांबवले तर स्मरणाला कामच उरत नाही. सहा-आठ शब्द मनात धरून मग कागदावर उतरवणे, हे धरून ठेवणेच व्याख्यान ऐकताना उपयोगी पडते. एक तुकडा तीनदा ऐकूनही लागला नाही तर जागा मोकळी सोडून पुढे जावे. विसाव्यांदा ऐकण्यात जिद्द असते, शिकणे फारसे नसते. मोकळ्या जागेत ऐकू आलेला नाद देवनागरीत लिहून ठेवण्याची युक्ती मराठी माणसाला फुकट मिळालेली आहे: रोमन लिपीत 'मस्टव' लिहायला गेले की हात आपोआप योग्य स्पेलिंगकडे ओढला जातो, देवनागरीत कानाने जे घेतले तेच उतरते.

ध्वनिमुद्रणाचा वेग कमी करण्याचा मोह होतो. तो एखाद्या अडलेल्या जागेपुरता ठीक, सवय म्हणून वाईट. पाऊणपट वेगाने आवाज ताणला जातो, पण गिळलेला 'हॅव' गिळलेलाच राहतो. सावकाश बोलणारा माणूस आणि सावकाश वाजवलेला वेगवान माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी नवख्याने त्यापेक्षा मुळातच संथ बोलले जाणारे साहित्य घ्यावे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने सुमारे 1,500 शब्दांच्या मर्यादेत 1959 साली सुरू केलेली संथ इंग्रजी प्रसारणे यासाठीच होती.

ताडून पाहणे हा या कामाचा अर्धा भाग, आणि बहुतेक जण नेमका तोच घाईत उरकतात. लाल खुणा मोजून गुण काढण्याने काही होत नाही. प्रत्येक खुणेपुढे कारण लिहावे: शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण असा ऐकला नव्हता, दोन शब्द जोडले गेले, की व्याकरण सुचले नाही. पहिल्या कारणावर शब्दकोश आहे. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी ते वाक्य बोलणाऱ्याच्या लयीत मोठ्याने म्हणून पुन्हा ऐकावे लागते. रोज करण्याचा आग्रह इथूनच येतो. एका दिवसाच्या चुका विस्कळीत दिसतात. आठवड्याच्या वहीत तोच 'हॅड', तोच शेवटचा 'ड' पुन्हा पुन्हा भेटतो आणि आपल्या कानाला नेमके कुठे भोक आहे ते कळते.

साहित्याची आता वाण नाही. एमआयटीने 2001 मध्ये आपले अभ्यासक्रम सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, येलची खुली व्याख्याने 2007 पासून उपलब्ध आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या मायकेस या संग्रहात वर्गातल्या खऱ्याखुऱ्या बोलण्याच्या संहिता आहेत. टेडची भाषणे लोकप्रिय असली तरी ती बहुधा घोटवून पाठ केलेली असतात. वर्गात प्राध्यापक अडखळतो, वाक्य अर्धे टाकून नवे सुरू करतो, 'इन अदर वर्ड्स' म्हणत तेच पुन्हा सांगतो. संहितेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. माणसाने केलेल्या संहितेतून 'अम्' आणि पुनरुक्ती अनेकदा गाळलेल्या असतात, त्यामुळे बरोबर ऐकलेलेही चूक वाटते. यंत्राने केलेल्या उपशीर्षकांत विशेषनामे आणि संज्ञा हमखास बिघडतात. ती दुरुस्त करणे हाही बरा सराव आहे.

व्याख्यानांचा खास लाभ शब्दसंग्रहात दिसतो. ॲव्हरिल कॉक्सहेडने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत 570 शब्दकुळे आहेत. वाचनातून ती ओळखीची होतात, पण कानाला एकाच कुळातली भावंडे परकी वाटतात: 'ॲनलाइज' चा आघात पहिल्या अक्षरावर, 'अनॅलिसिस' चा दुसऱ्यावर, 'ॲनलिटिकल' चा तिसऱ्यावर, आणि आघात हलला की आजूबाजूचे स्वरही बदलतात.

पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. शब्द उतरवणे म्हणजे व्याख्यान समजणे नव्हे. युक्तिवाद कुठे वळला, उदाहरण कशाचे होते, वक्त्याला ते मत मान्य आहे की तो नुसते सांगतो आहे, हे दोन मिनिटांच्या तुकड्यात दिसत नाही. शब्दामागे धावण्याची सवय जडली की प्रत्यक्ष वर्गात एका निसटलेल्या शब्दावर मन अडकते आणि पुढची तीन वाक्ये जातात. चीनमधल्या शिकवण्यांत म्हणूनच सखोल ऐकणे (थोडेच, पण बारकाईने) आणि पसरट ऐकणे (भरपूर, अर्थापुरते) असे दोन सराव वेगळे ठेवतात. श्रुतलेखन पहिल्यात मोडते. वहीतल्या चुका विशेषनामे आणि अपरिचित संज्ञा यांच्यापुरत्या उरल्या की शब्दशः लेखन थांबवून टिपणांकडे वळावे. मधला पूल म्हणून रूथ वाइनरिबने 1990 मध्ये मांडलेली डिक्टोग्लॉस ही पद्धत वापरता येते: तुकडा नेहमीच्या वेगाने दोनदाच ऐकायचा, मुख्य शब्द तेवढे टिपायचे आणि उरलेली वाक्ये स्वतः बांधून मग मुळाशी लावून पाहायची.