काळजाचा ठोका खरोखर चुकतो

देवासहून आत्या आली त्याच संध्याकाळी भाच्याने प्रोजेक्टर आणला होता. डिसेंबरची थंडी, इंदूरच्या रामबागेतलं आमचं जुनं घर, दिवाणखान्याच्या भिंतीवर ताणलेली पांढरी चादर आणि समोर आम्ही सात जण. लावला होता स्टॅनली कुब्रिक यांचा १९८० सालचा ‘द शायनिंग’. बर्फाने वेढलेलं, हिवाळ्यापुरतं बंद ठेवलेलं डोंगरावरचं हॉटेल. त्याची राखण करायला आलेले नवरा-बायको आणि त्यांचा लहान मुलगा. आणि त्या रिकाम्या खोल्यांमधून आधीपासूनच वस्तीला असलेलं काहीतरी.

सिनेमा संपल्यावर सगळे सराफ्यात गेलो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याच्या किसाच्या कढईजवळ ऊब घेत उभ्याउभ्या चर्चा सुरू झाली. भाचा म्हणाला, “मामी, यात घाबरण्यासारखं होतं काय? नुसते लांबच लांब पॅसेज.” जाऊबाई म्हणाल्या, “माझ्या अंगावरचा काटा अजून गेला नाहीये.” ह्यांचं मत पडलं की सिनेमा फार संथ आहे. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या तर काळजाचा ठोकाच चुकला गं.”

तिच्या या वाक्याचा पुरावा मी डोळ्यांनी पाहिला होता. कोरोनाच्या दिवसांत घेतलेला ऑक्सिमीटर अजून आमच्या खणात पडून आहे. भाचीने गंमत म्हणून तो सिनेमा चालू असताना आत्याच्या बोटाला लावला होता आणि अंधारात मला ते लाल आकडे स्पष्ट दिसत होते. तो छोटा मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या पॅसेजमधून फिरतो तो प्रसंग चालू होता. आत्याची नाडी ८४ वरून उतरत ७३ वर आली. भीतीने नाडी वाढायला हवी, ही तर कमी होत होती! मुलगा कोपऱ्यावर वळला, समोर हातात हात घालून उभ्या असलेल्या दोन मुली दिसल्या, आणि काही क्षणांत आकडा शंभराच्या पुढे गेला.

घरातल्या एका यंत्रावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण आकडा आधी खाली का आला, याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. धोका नक्की कुठे आहे हे कळत नसतं तेव्हा प्राणी पळत नाही, थिजतो. पान हललं की हरीण जसं मान वर करून स्तब्ध उभं राहतं, तसं. त्या काही क्षणांत व्हेगस नावाची चेता हृदयाला लगाम घालते, हालचाल थांबते आणि सगळं लक्ष कान-डोळ्यांत गोळा होतं. माणसांतही हे मोजलं गेलं आहे. नेदरलँड्समधल्या कारिन रूलोफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लोकांना शरीराचा तोल टिपणाऱ्या फळीवर उभं करून रागीट चेहरे दाखवले. त्यांचं डुलणं कमी झालं आणि हृदयाची गतीही मंदावली. धोका समोर आला की मग लगाम सुटतो, ॲड्रेनलिन रक्तात उतरतं आणि छाती धडधडू लागते. ‘ठोका चुकला’ म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे आधीच नेमकं हेरलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

‘रक्त गोठलं’ हाही आपल्याकडचा जुना शब्दप्रयोग. नेदरलँड्समधल्याच लायडेनच्या संशोधकांनी तोही तपासून पाहिला. २४ निरोगी तरुणांना एकदा भयपट आणि एकदा माहितीपट दाखवून दोन्ही वेळा आधी-नंतर रक्त घेतलं. भयपटानंतर निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात गोठण्याच्या क्रियेतला ‘घटक आठ’ वाढलेला आढळला. प्रत्यक्षात गुठळी होण्याची क्रिया मात्र सुरू झालेली नव्हती. जखम झालीच तर रक्त लवकर थांबावं म्हणून शरीराने तेवढी तयारी करून ठेवली होती. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणून भयपटाबद्दलची मतं मी नेहमी कान देऊन ऐकते. इतर सिनेमांबद्दल आपण विचार करून बोलतो. इथे शरीर आधी बोलून गेलेलं असतं आणि आपण त्याचा निरोप सांगत असतो. आता भाच्याच्या शरीराने निराळा निरोप दिला, यात खोटं काहीच नाही. तो रोज रात्री असलेच सिनेमे बघतो. डेन्मार्कमध्ये लोकांना मुद्दाम घाबरवण्यासाठी उभारलेल्या एका ‘भुताटकीच्या घरा’त ११० जणांना छातीवर हृदयगती मोजणारं यंत्र लावून सोडलं होतं. २०२० मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की भीती फार कमी वाटली तरी मजा येत नाही आणि फार वाटली तरी येत नाही. मजेचं शिखर मधे कुठेतरी असतं. हे शिखर प्रत्येकाचं वेगळ्या उंचीवर. ह्यांना ‘संथ’ वाटलेला सिनेमा आत्याला पेलवेनासा झाला, तो असा.

आणि हे काही फक्त आमच्या घरात झालं नाही. हा चित्रपट आला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाक मुरडलं. वर्षातल्या वाईट कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या ‘रॅझी’ पुरस्कारांत कुब्रिक आणि नायिका शेली डुवाल या दोघांनाही नामांकन मिळालं. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या स्टीफन किंग यांना तर तो मुळीच पसंत पडला नाही. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्याजोगा म्हणून त्याची निवड झाली आणि २०२२ मध्ये डुवाल यांचं ते नामांकन मागे घेण्यात आलं. तिच्या अभिनयावर झालेला अन्याय निस्तरायला इतकी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं. खऱ्या भीतीत माणसाचा आवाज तसाच चिरकतो, हातपाय तसेच गळतात.

त्या सायकलच्या प्रसंगाकडे पुन्हा यायला हवं, कारण सगळी कारागिरी तिथेच आहे. गॅरेट ब्राउन यांनी बनवलेला, न हिंदकळता चालणारा स्टेडिकॅम कॅमेरा जमिनीलगत मुलाच्या मागेमागे जातो. चाकं लाकडी जमिनीवर आली की खडखडाट, गालिच्यावर गेली की एकदम शांत. पुन्हा खडखडाट, पुन्हा शांत. मेंदू पुढचा आवाज कधी येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. इथे तो दर दोन-चार सेकंदांनी ताणला जातो. भूत अजून आलेलंही नसतं आणि आपण मात्र केव्हाच थिजून बसलेलो असतो. भाच्याने ज्यांना नावं ठेवली ते लांबच लांब पॅसेज म्हणजेच खरा सिनेमा आहे.

सराफ्यात मात्र आत्या खळखळून हसत होती. गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींवर, मसाला भुरभुरवून घेऊन तिने दुसरी पुडीही मागितली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडलं होतं की भीतीचं कारण संपलं तरी शरीरातली खळबळ लगेच ओसरत नाही, आणि उरलेली ती खळबळ पुढच्या भावनेला चढवते. सुटका झाली की हसू दुप्पट येतं. एकट्याने भयपट पाहून तसंच अंथरुणात शिरण्यापेक्षा मंडळींबरोबर बाहेर पडलेलं बरं, असं मी सगळ्यांना सांगते.

पण गोष्ट हॉटेलचीच का? वाडा, स्मशान, विहीर, पिंपळ यांची भुतं आपल्याला ठाऊक आहेत. किंग यांना ही कथा सुचली १९७४ मध्ये, कोलोरॅडोतल्या स्टॅनली हॉटेलात. हंगाम संपून ते बंद व्हायच्या बेतात होतं आणि मुक्कामाला जवळजवळ ते नवरा-बायकोच होते. हॉटेल म्हणजे परक्या छताखालची झोप. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी झोपतो. उजव्या कानाशी आवाज केला की माणूस चटकन जागा होतो, कारण त्या कानाचा आवाज मुख्यतः डाव्या भागाकडे जातो. अर्धा मेंदू जणू पहाऱ्यावर. सवय झाली की पहारा उठतो.

त्या रात्री आत्याचं अंथरूण दिवाणखान्यातच होतं. चादर आम्ही काढून ठेवली होती. सकाळी तिने मला सगळं सांगितलं: फ्रिज किती वेळा गुरगुरला, पाणी प्यायला कोण उठलं, रस्त्यावरची शेवटची रिक्षा कधी गेली. पहाटे नळाला नर्मदेचं पाणी आलं तेव्हा मोटर लावायला मला हाक तिनेच मारली होती. मी तिला डाव्या मेंदूचं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आज झोप लागेल ना?”

दुसऱ्या रात्री दहालाच तिने दिवा मालवला. पहाटे तिच्या उशाशेजारून जाऊन मी मोटर सुरू केली, तरी ती हलली नाही.