नवी आवृत्ती आली म्हणून जुनं वायरिंग बाद होत नाही

इंग्लंडमध्ये घर भाड्याने देणाऱ्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरत असतो: 'वायरिंग नियमांची १८वी आवृत्ती लागू आहे, त्याआधीचं वायरिंग तपासणीत नापास. सगळं बदला.'

यातलं अर्धंच खरं. भाड्याच्या घरांच्या वीजसुरक्षेच्या २०२०च्या नियमांनुसार घराची तपासणी निदान दर पाच वर्षांनी होते, तीही वायरिंग नियमांच्या चालू आवृत्तीनुसार; घर बांधलं तेव्हाच्या नव्हे. पण बघायचा असतो तो धोका. जुन्या आवृत्तीनुसार केलेलं काम आजच्या नियमात बसलं नाही, तरी तेवढ्यावरून ते असुरक्षित ठरत नाही, असं वायरिंग नियमांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच आहे.

प्लास्टिकचा फ्यूजबॉक्स घ्या. २०१६पासून घरात नवा बसवताना तो न जळणाऱ्या आवरणाचा लागतो. जुना प्लास्टिकचा धड असेल, तापून काळवंडल्याच्या खुणा नसतील, तर सहसा फार तर 'सी३' शेरा मिळतो, म्हणजे नुसती सुधारणेची शिफारस. रिपोर्ट तरीही समाधानकारकच. सी१ (धोका आहेच), सी२ (धोका होऊ शकतो) किंवा अधिक तपास सांगणारा 'एफआय' आला, तर मात्र २८ दिवसांत (रिपोर्टात कमी मुदत असेल तर तेवढ्यात) दुरुस्ती किंवा तो तपास करून घ्यावाच लागतो.

कुणी थेट रिवायरिंगचं कोटेशन पुढे केलं, तर आधी रिपोर्टातला निरीक्षणांचा तक्ता मागा आणि प्रत्येक ओळीसमोरचा कोड वाचा. सगळे सी३ असतील, तर तो खर्च तुमच्या मर्जीचा.