केशरोपणानंतर मागे उरणारा वण

केशरोपणाची चर्चा होते तेव्हा सगळ्यांचे लक्ष केस जिथे लावले त्या जागेकडे असते. ते जिथून काढले, त्या जागेविषयी फारसे कोणी विचारत नाही. दोन्ही कानांच्या मधल्या, डोक्यामागच्या पट्ट्यातले केस टक्कल पडतानाही सहसा टिकून राहतात, म्हणून रोपणासाठी मुळे तिथूनच घेतली जातात. तिथे जखम होते, आणि त्वचेच्या खोल थरापर्यंत गेलेली जखम वण ठेवूनच भरते. त्यामुळे ‘वण राहत नाही’ अशी जाहिरात मला दिशाभूल करणारी वाटते. वण किती रुंद होईल आणि तो आखूड केसांतून दिसेल का, हे खरे प्रश्न आहेत.

मागून काढलेला केस पुढे लावला तरी त्याचा मूळचा टिकाऊपणा कायम राहतो, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ साली मांडले. त्या काळी सुमारे ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचे तुकडे काढले जात आणि मागची भोके पुष्कळदा टाके न घालता तशीच भरू दिली जात. परिणामी डोक्याच्या मागे पांढरट, गोल, केसहीन ठिपक्यांची जाळी उरत असे.

पुढे रूढ झालेल्या पट्टी पद्धतीत साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि २० ते २५ सेंटिमीटर लांब अशी त्वचेची पट्टी काढून जखमेच्या दोन कडा एकत्र शिवतात. इथे वणाचे भवितव्य ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे ताण. कडा सैलपणे जुळल्या तर वण बारीक रेघेसारखा राहतो. ओढून जुळवाव्या लागल्या तर कडांचा रक्तपुरवठा घटतो, आसपासचे केस गळू शकतात आणि वण पसरतो. म्हणूनच शल्यविशारद आधी बोटांनी डोक्याची त्वचा वरखाली सरकवून तिचा सैलपणा अजमावतात आणि पट्टीची रुंदी त्यावरून ठरवतात. टाके विरघळणाऱ्या धाग्याचे असोत, न विरघळणाऱ्या धाग्याचे असोत की धातूच्या पिनांचे, त्यांच्या निवडीपेक्षा हा अंदाज अधिक मोलाचा आहे, असे मला वाटते. शिवाय टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली असे नसते: तिसऱ्या आठवड्यात तिची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम पाचवा हिस्सा असते, आणि काही महिन्यांनंतरही ती सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे जात नाही. सुरुवातीचे काही आठवडे मान फार वाकवू नये, जड वजन उचलू नये, या सूचनेमागे हेच कारण आहे.

रेघ बारीक असली तरी तिच्यात केस नसतात, कारण वणातल्या कोलॅजेनमध्ये, म्हणजे तंतुमय प्रथिनात, केसांची नवी मुळे तयार होत नाहीत. या अडचणीवर शोधलेली युक्ती मला फार सुंदर वाटते. ट्रायकोफायटिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिवणीत टाके घालण्यापूर्वी जखमेच्या एका कडेचा वरचा थर सुमारे १ मिलिमीटर रुंदीत, अगदी उथळ कापून टाकतात. तिथल्या केसांची टोके जातात, पण केस पुन्हा निर्माण करणाऱ्या पेशी अधिक खोलवर असल्यामुळे सुरक्षित राहतात. मग दुसरी कड या सोललेल्या भागावर आणून शिवली की खाली दबलेली मुळे काही महिन्यांत वणाला भेदून केस बाहेर काढतात, आणि रेघ केसांनी झाकली जाते. काप जास्त खोल गेला तर मात्र तीच मुळे दुखावतात. काही वेळा केस आतच वळून पुटकुळ्याही येतात.

एकेक मूळ सुटे काढण्याच्या पद्धतीत, जिला रुग्ण आणि डॉक्टर एफयूई म्हणतात, टाके नसतात. सुमारे १ मिलिमीटरची भोके काही दिवसांत आपोआप भरतात. पण साधा हिशेब करून पाहावा. ०.९ मिलिमीटर व्यासाच्या २००० भोकांचे एकूण क्षेत्रफळ जवळजवळ १३ चौरस सेंटिमीटर होते, तर २५ सेंटिमीटर लांबीची आणि २ मिलिमीटर रुंदीची रेघ ५ चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. भोके भरताना आकसतात हे खरे, तरीही वण नाहीसा झालेला नसून विखुरलेला असतो. विखुरलेला असल्यामुळे तो नजरेत भरत नाही, म्हणून केस अगदी बारीक कापणाऱ्यांना ही पद्धत सोयीची पडते. मात्र एकाच भागातून प्रमाणाबाहेर मुळे काढली तर तो भाग कसर लागलेल्या कापडासारखा विरळ दिसू लागतो, आणि सावळ्या त्वचेवर फिकट ठिपके अधिक उठून दिसू शकतात. ज्यांना आधीच्या जखमांवर केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड वण, आलेला आहे, त्यांनी कोणत्याही पद्धतीपूर्वी डॉक्टरांना हे आवर्जून सांगायला हवे.

जुना, रुंद वण दुरुस्त करता येतो. त्वचा पुरेशी सैल असेल तर तो कापून पुन्हा शिवतात. नसेल तर इतर ठिकाणची सुटी मुळे वणातच लावतात. वणाच्या ऊतीत रक्तवाहिन्या कमी असल्याने ती दाटीने न लावता विरळ, आणि गरज पडल्यास दोन टप्प्यांत लावली जातात.