कंपनीचं पिस्तूल: गंज खरवडण्याआधी वाचा

जुन्या घराच्या माळ्यावर ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं पिस्तूल सापडलं की लोक आधी किंमत विचारतात. त्याआधी बघायचं ते हे, की पिस्तूल भरलेलं तर नाही ना? बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. नळीचं तोंड माणसांपासून दूर धरून लाकडी काठी आत टेकेपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावा. टोक रंजकाच्या छिद्राच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी दारू पेटवायला ठेवलेल्या बारीक भोकाच्या अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. मग घोड्याला, म्हणजे आपटून दारू पेटवणाऱ्या खटक्याला, हात न लावता जाणकाराला बोलवा.

आपल्याकडची बरीच जुनी पिस्तुलं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची. घोडा ज्या पट्टीवर बसवलेला असतो, तिच्यावर आधीच्या काळात कंपनीचं चार खणांचं हृदय असे. 19व्या शतकाच्या सुरुवातीपासून मुकुट धरलेला सिंह आला. पण सिंह कुणीही कोरू शकतो. अफगाण सरहद्दीकडच्या बाजारांत इंग्रजी खुणांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. तिथल्या कारागिराच्या हातून एखादं रोमन अक्षर उलटं पडतं, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेखाली 1901 नंतरचं साल येतं. राणी 1901च्या जानेवारीतच वारली होती.

खुणांपेक्षा माझा भरवसा धातूवर जास्त आहे. त्या काळची नळी घडीव लोखंडाची. ठोकून ठोकून घडवलेल्या या लोखंडात धातुमळीचे बारीक धागे राहतात आणि गंजाने पृष्ठभाग खाल्ला की लाकडाच्या रेषांसारखे ते वर दिसतात. 1850 नंतर मोठ्या प्रमाणावर निघू लागलेल्या पोलादात हे धागे नसतात, उलट मँगनीज बरंच असतं. क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र ते काही सेकंदांत, धातू न खरवडता दाखवतं. 1810ची म्हणवणाऱ्या नळीत भरपूर मँगनीज निघालं, तर ती नळी नंतरची.

भिंग घेऊन रंजकाच्या छिद्राजवळ बघा. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या पिस्तुलात प्रत्येक बार उडताना तिथे भडका होतो, त्यामुळे आसपासचं लोखंड खड्ड्याखड्ड्यांचं होतं. पुढे घोड्याच्या ठोक्याने फुटून दारू पेटवणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीचं तंत्र रुळलं, तेव्हा पुष्कळ चकमकी पिस्तुलं टोपीवर चालतील अशी बदलून घेतली गेली. पट्टीवरची बुजवलेली भोकं ही त्याची खूण. आता चकमकीला जास्त भाव मिळतो, म्हणून काही जण तीच पिस्तुलं पुन्हा चकमकीची करून घेतात. छिद्राची कड करकरीत असेल आणि भवतालचं लोखंड झिजलेलं असेल, तर किंमत बरीच खाली येते.

म्हणूनच पितळेला चिंच आणि नळीला पॉलिश पेपर लावू नका, ही कळकळीची विनंती. लाल, भुसभुशीत गंज ओल धरतो आणि लोखंड खात राहतो. तो जाणकाराकडून थांबवून घ्यावा. काळसर, घट्ट बसलेला थर मात्र धातूला जपतो. तो घासला की ठसे, घडणीच्या रेषा आणि भाव तिन्ही जातात.

कायद्याचंही बघावं लागतं. 1959च्या शस्त्र कायद्यातून सूट देणाऱ्या 45व्या कलमाची सवलत, दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. शिवाय शंभर वर्षांपलीकडची पुराणवस्तू 1972च्या कायद्याने खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे लंडनच्या लिलावातला आकडा पुण्यातल्या पिस्तुलाला लावणं चूक आहे. इथला भाव इथल्या कायदेशीर गिऱ्हाइकांवरच ठरतो.